प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर आणि दिवसाच्या सवलतीचा हिशेब

महावितरणने जुलै 2025 पासून स्मार्ट टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वापर वेगळा नोंदवणारे मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया अशी सवलत जाहीर केली. या सवलतीचा आपल्या घराला नेमका किती उपयोग होईल, हे मोजून पाहावे म्हणून मी सुमारे हजार रुपयांचा, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसणारा एक वॉटमीटर घेतला. दापोली तालुक्यात, हर्णैजवळच्या आमच्या घरी तो चार महिने वापरल्यानंतर हे लिहीत आहे. स्मार्ट मीटरमुळे मोबाइलवर संपूर्ण घराचा वापर दिसतो. परंतु त्यातला किती भाग फ्रिजचा आणि किती गिझरचा, हे कळण्यासाठी असे वेगळे उपकरण लागतेच.

फ्रिजने चोवीस तासांत 1.2 युनिट घेतले आणि त्यांपैकी 0.45 युनिट सवलतीच्या वेळेतले निघाले. म्हणजे सुरुवातीच्या 80 पैशांच्या दराने काहीही न बदलता महिन्याला जवळपास 11 रुपयांची सवलत फ्रिजमुळेच मिळते. गिझर 15 लिटरचा आणि 2,000 वॉटचा आहे. थंड पाणी पूर्ण तापवण्यास त्याला 0.6 युनिटच्या आसपास वीज लागते. ती वेळ दिवसावर ढकलली तरी एका तापवणीमागे सुमारे 48 पैसे वाचतील, आणि तेवढ्यासाठी पहाटे साडेपाचला आंघोळ करणाऱ्या माझ्या सासऱ्यांना 9 वाजेपर्यंत थांबवणे मला योग्य वाटत नाही. वॉशिंग मशीन साध्या पाण्यावर एका खेपेस 0.2 युनिटच घेते, त्यामुळे ते केव्हा लावले याने विशेष फरक पडत नाही.

आमच्याकडे वेळ खऱ्या अर्थाने बदलता येण्याजोगी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे विहिरीवरचा पंप. आणि नेमका तोच या उपकरणाने मोजता येत नाही, कारण तो स्टार्टरमधून थेट तारेने जोडलेला असतो आणि त्याला प्लगच नसतो. पंपाचा हिशेब मी शेवटी विजेच्या मीटरवरच केला. आमच्या मीटरवर एका युनिटला 3,200 पल्स, म्हणजे दिव्याच्या तितक्या लुकलुकी, असे छापलेले आहे. घरातील बाकी सर्व बंद ठेवून पंप चालवला, तेव्हा लाल दिवा मिनिटाला 56 वेळा लुकलुकला. 56 ला 60 ने गुणून 3,200 ने भागले की 1.05 येते, म्हणजे पंप तासाला 1.05 युनिट घेतो. रोज 40 मिनिटांप्रमाणे महिन्याला 21 युनिट होतात. पहाटेऐवजी सकाळी 10 वाजता पंप लावू लागल्यावर महिन्याला सुमारे 17 रुपये वाचले. मे महिन्यात विहिरीचे पाणी खाली जाते, टाकी भरायला दीड तास लागतो आणि चाकरमानी घरी आलेले असतात, तेव्हा हीच बचत 38 रुपयांच्या घरात जाते.

इन्व्हर्टरचे मोजमाप मात्र फार उपयोगी पडले. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आम्ही 150 अँपियर-तासांची बॅटरी बसवली. ती पूर्ण उतरल्यावर पुन्हा भरायला 2.3 युनिट लागतात, आणि वीज रात्री परत आली की चार्जिंग रात्रीच सुरू होते. ते सकाळी 9 पर्यंत अडवून ठेवले तर 1 रुपया 84 पैसे वाचतील. पण पावसाळ्यात त्यासाठी बॅटरी रिकामी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपकरणाचे दोषही सांगायला हवेत. त्यात दर एकच भरता येतो, त्यामुळे 9 आणि 5 वाजता आकडे वहीत लिहून वजाबाकी आपल्यालाच करावी लागते. दोन-तीन वॉटच्या वस्तूंना ते शून्यच दाखवते. आतला लहान सेल उतरला की वीज गेल्याबरोबर साठवलेले आकडे पुसले जातात, आणि आमच्याकडे वीज जाणे ही काही क्वचित घडणारी गोष्ट नव्हे. खाऱ्या हवेने पितळी पिनांवर दोन महिन्यांतच हिरवट थर आला. तो प्लग काढूनच, कोरड्या फडक्याने पुसावा लागतो.

या सगळ्या मोजणीत सवलतीहून मोठी एक बाब लक्षात आली. घरगुती दरपत्रकात 101 ते 300 युनिटांचा वीज आकार पहिल्या 100 युनिटांच्या दुपटीहून अधिक असतो. आमचा वापर 110 च्या आसपास आहे. वेळ बदललेल्या युनिटावर 80 पैसे वाचतात, पण 100 च्या वरचे तेच युनिट मुळात टळले तर त्याच्या कितीतरी पट रक्कम वाचते. दिवसभर चालू राहणारा गिझर पाणी गरम ठेवण्यासाठीच वीज खातो, हे या वॉटमीटरने दाखवले आणि आम्ही तो वापरापुरताच लावू लागलो.

घ्यायचाच असेल तर 16 अँपियरचा आणि दोन दर भरता येणारा घ्यावा. 6 अँपियरच्या सॉकेटचा वॉटमीटर गिझरला लावू नये. घरातील सगळ्या वस्तू मोजायला दोन आठवडे पुरतात आणि नंतर तो कपाटातच पडून राहतो, म्हणून चार घरांनी मिळून एक घेणे पुरेसे आहे. आमचा सध्या शेजारच्या काकूंकडे, त्यांच्या जुन्या फ्रिजला लावलेला आहे.