बोट तिथेच शाकारायची की घरी आणायची?

हिवाळाभर शिडाच्या बोटीतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून झालं की शेवटच्या दोन आठवड्यांत बोटीवर दुसरा विषयच राहत नाही: परतायचं कसं? आल्या वाटेने बोट घेऊन, की ती तिथेच जमिनीवर काढून, शाकारून (म्हणजे नीट झाकून-बांधून), बॅगा उचलून विमानाने? आम्ही दोघांनी दोन्ही करून पाहिलंय. एकदा मधला मार्गही काढला होता, तो का काढला असं अजून वाटतं. माझं मत आधीच सांगतो: नकाशावरचे मैल नंतर मोजा, आधी घरी पोचायची तारीख ठरलेली आहे का ते बघा. ठरलेली असेल, तर बोट ठेवून या.

बोट घेऊन परतायचं तर

जाताना ६०० सागरी मैल झाले म्हणजे येतानाही तेवढेच, हा हिशोब नकाशाचा. वाऱ्याचा हिशोब वेगळा. समजा वारा १५ नॉटचा (म्हणजे तासाला १५ सागरी मैलांचा) आहे आणि बोट ५ नॉटने चाललीय. वारा पाठीशी असेल तर अंगाला लागतो १० नॉटचा, समोरून असेल तर २०. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा तोच, बोट तीच, आणि जोर चौपट. जाताना ज्या हवेत आपण अनवाणी पाय पसरून बसलो होतो, त्याच हवेत येताना रेनकोट चढतो.

शिडांवर वाऱ्याविरुद्ध जायचं तर नागमोडी जावं लागतं. वाऱ्याला दोन्ही बाजूंनी ४५ अंश धरून गेलात, तर ४० मैलांचा टप्पा पाण्यातून जवळजवळ ५७ मैलांचा होतो. इंजिन लावून सरळ जाता येतं, पण आखूड लाटांत नाक आपटत ५ नॉटचे साडेतीन कधी होतात ते कळत नाही. दिवसाला ४० मैल धरले तर ६०० मैलांना १५ दिवस लागतात, तेही नुसते चालण्याचे. हवा बदलायची वाट बघत नांगरावर बसलेले दिवस त्यात नाहीत. आम्हाला महिना लागला.

किनाऱ्याच्या आतून आडोशाची वाट असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉरफोकपासून मायामीपर्यंत असा जलमार्ग आहे. तिथे लाटांचा त्रास बराच वाचतो. पण न उघडणाऱ्या पुलांखालची उंची साधारण ६५ फूट धरलेली असते. डोलकाठी त्याहून उंच असेल तर बाहेरून समुद्रातूनच जायचं.

दिवस वाचवायला रात्रीही चालायचं हा मोह होतोच. दोघांच्या बोटीवर याचा अर्थ तीन-तीन तासांचा पहारा: एक जागा, दुसरा झोपलेला. पहिली रात्र मजेची जाते. तिसऱ्या रात्री हिने दोन वाजता हलवून उठवलं, तर मी बूट चाचपडत तिलाच विचारलं, "कोण आहे?" हिने टॉर्च माझ्या तोंडावर धरला आणि म्हणाली, "तू झोप. मीच बसते." सकाळी जी पहिली खाडी दिसली तिथे नांगर टाकला आणि दुपारपर्यंत दोघंही झोपलो. घाई होती ती नातवाच्या बारशाची. बारसं चुकलंच, आणि त्याआधी चार दिवस आम्ही नको त्या हवेत बाहेर पडलो होतो. तारीख डोक्यात असली की हवामानाचा अंदाज माणूस आपल्याला हवा तसा वाचतो.

तरी ज्यांच्या हातात सहा-सात मोकळे आठवडे आहेत, त्यांनी घेऊनच यावं. जाताना घाईत राहून गेलेल्या खाड्या परतीच्या वाटेवर मिळतात, आणि बोट उन्हाळाभर डोळ्यांसमोर राहते.

तिथेच ठेवायची तर

पाण्यात की जमिनीवर, हा खरा प्रश्न. आमचा मधला मार्ग म्हणजे बोट धक्क्यालाच बांधून चार महिन्यांसाठी घरी येणं. स्वस्त, सोपं, दोन दिवसांचं काम. परत गेलो तर केबिनच्या फळ्यांवर वीतभर पाणी. धक्क्यावरची वीज कधीतरी गेली होती, त्यामुळे चार्जर बंद. कुठून तरी पावसाचं पाणी झिरपत राहिलं आणि पंप ते उपसत राहिला, बॅटरी संपेपर्यंत. वीज गेलेली कोणाच्या लक्षात आली नव्हती. शिवाय तळाला शिंपल्यांचा थर, आणि गंजापासून धातू वाचवायला लावलेले जस्ताचे तुकडे झिजून सुपारीएवढे उरलेले. दोन महिन्यांहून जास्त दिवसांसाठी बोट पाण्यात सोडायची असेल तर दर आठवड्याला आत उतरून बघणारा माणूस हवा. धक्क्यावरून नजर टाकणारा कामाचा नाही.

जमिनीवर काढलेली बोट बुडत नाही, हा मोठा फायदा. पण ती पडू शकते. वजन सगळं खालच्या कीलवर, म्हणजे तळाच्या मधोमध असलेल्या कण्यावर, असतं आणि बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळतात, म्हणून समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधलेले आहेत का ते स्वतः बघा. ताडपत्रीची दोरी टेकूला कधीही बांधू नका. वाऱ्यात ताडपत्री फडफडली की तीच दोरी टेकू ओढून काढते. कॉकपिटमधल्या पाणी जाण्याच्या भोकांवर जाळी बसवा. पालापाचोळ्याने ती तुंबली की पावसाचं पाणी आत शिरतं. शिडं उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच घडी करा. संडासाच्या पाइपातही गोडं पाणी फिरवा. समुद्राचं पाणी त्यात सडलं की बोट उघडल्यावर पहिला वास त्याचाच येतो.

या सगळ्याला चार-पाच दिवस लागतात, आणि ते दिवस शिडीवरून चढउतार करत काढायचे असतात. बोट जमिनीवर असताना बेसिनचं पाणी खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर पडतं आणि रात्री संडासला जायचं तर शिडी उतरून जावं लागतं. शेवटचे दोन दिवस जवळपास एखादी खोली घ्या. तो खर्च वायफळ नाही.

वादळांच्या पट्ट्यात ठेवत असाल तर विम्याचा कागद आधी वाचा. अटलांटिकमध्ये वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. त्या काळात बोट ठराविक पट्ट्याबाहेर हवी अशी अट बऱ्याच पॉलिसींमध्ये असते. परदेशात मुक्कामाचे नियमही माणसांचे वेगळे, बोटीचे वेगळे. बाहेरून आलेली, बाहेरच्या माणसाची बोट युरोपीय संघात कर न भरता १८ महिने राहू शकते. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, बाहेरच्या माणसाला मात्र १८० दिवसांत ९० च.

पैसा

यावर फार बोलत नाही. जमिनीवरच्या जागेचं भाडं कागदावर ठसठशीत दिसतं, परतीच्या वाटेचं डिझेल, धक्क्यांचं भाडं आणि मोडतोड दिसत नाही. आमच्या बोटीचं इंजिन तासाला अडीच लिटरच्या आसपास पितं, त्यामुळे वाऱ्याविरुद्धचा महिना स्वस्तात पडला नाही. पगारी कप्तान ठेवून बोट मागवायचा पर्यायही आहे, पण तोही हवेसाठी थांबणारच, आणि बोटीची कुरकुर ओळखणारं त्याच्यासोबत कोणी नसतं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच किनाऱ्यावर जायचं पक्कं असेल तर बोट तिथेच राहू द्या. तळ्यात-मळ्यात असेल, तर दूर ठेवलेली बोट घरी बसून विकणं किती जड जातं त्याचाही विचार करा. आम्ही यंदा जमिनीवर ठेवून आलोय. तळाच्या कोणत्या झडपा बंद आहेत त्याची यादी हिने कागदावर लिहून इंजिनाच्या किल्लीला बांधलीय. सगळ्यात वर, लाल अक्षरांत: आधी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची झडप उघडा, मग किल्ली फिरवा.