कार्बोरेटरच्या गाडीसाठी ग्लिसरीन भरलेला प्रेशर गेज: सहा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन १०८९ सीसीचे, कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) मूळचाच, आणि पेट्रोल ओढणारा पंप कॅमशाफ्टवर चालणारा, ज्याला गॅरेजमध्ये सर्वजण एसी पंप म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात हा पंप बदलल्यानंतर गाडी तापलेल्या अवस्थेत बंद केली, की दहा-पंधरा मिनिटांनी ती सुरू होण्यास त्रास देऊ लागली आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येऊ लागला. पेट्रोलचा दाब मोजल्याशिवाय पुढचे निदान करायचे नाही असे ठरवून मी पुण्याच्या नाना पेठेतून ग्लिसरीन भरलेला, ० ते १५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) मापाचा गेज घेतला. त्याची किंमत ८५० रुपये पडली.

मापाची ही निवड योग्य ठरली, हे आधी सांगतो. दुकानात ० ते १०० पीएसआयचे गेज अधिक सहज मिळतात, परंतु ते इंजेक्शनच्या गाड्यांसाठी असतात. गेजची अचूकता पूर्ण मापाच्या टक्केवारीत सांगितली जाते. त्यामुळे अडीच टक्के चूक असलेल्या १०० पीएसआयच्या गेजमध्ये अडीच पीएसआय इकडे-तिकडे होऊ शकतात, आणि कार्बोरेटरला लागणारा संपूर्ण दाबच साधारण अडीच ते चार पीएसआय असतो. १५ पीएसआयच्या तबकडीवर मात्र पाव पीएसआयचा फरकही डोळ्यांना दिसतो. ग्लिसरीनमुळे काटा शांत राहतो, हाही मोठा लाभ आहे. यांत्रिक पंप इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एक ठोका देतो, त्यामुळे कोरड्या गेजचा काटा आयडलिंगला इतका थरथरतो की आकडा वाचताच येत नाही.

आता या गेजच्या दोषाकडे येतो, कारण त्याच्यापायी मी जवळजवळ चुकीच्या दिशेने गेलो होतो. सकाळी थंड इंजिनावर काटा साडेपाचवर होता. वीस मिनिटे गाडी चालवून, कात्रजचा घाट चढून थांबलो तेव्हा तोच काटा दीडवर आला होता. गरम झाल्यावर पंप दम सोडतो, असा आमच्या मिस्त्रींचा आणि माझाही निष्कर्ष निघाला आणि आणखी एक नवा पंप आणण्याची तयारी झाली. परंतु एक गोष्ट मनाला पटत नव्हती: दाब खरोखरच इतका उतरला असता, तर तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना इंजिनाने कुठे तरी धाप टाकली असती, आणि तसे एकदाही झाले नव्हते.

याचे कारण गेजच्या डबीत होते. काटा हलवणारी आतील वाकडी नळी पेट्रोलच्या दाबाची तुलना डबीतील दाबाशी करते. डबी पूर्ण बंद असते. इंजिनाच्या उष्णतेने ग्लिसरीन फुगते, वर राहिलेली थोडीशी हवा दाबली जाते, डबीतील दाब वाढतो आणि तेवढ्याच प्रमाणात काटा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. मोठ्या मापाच्या गेजमध्ये ही तीन-चार पीएसआयची चूक लक्षातही येत नाही. आपल्या कामात मात्र तीच सर्वस्व ठरते. डबीच्या वरच्या बाजूस रबराचे लहान बूच असते. गरम इंजिनावर ते टोकदार वस्तूने किंचित उचलताच हवेचा बारीकसा फुत्कार ऐकू आला आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा साडेपाचवर गेला. हे बूच उचलण्याविषयी खोक्यातील कागदावर एक अक्षरही नव्हते, आणि माझ्या मते ही उत्पादकाची गंभीर चूक आहे.

यानंतर खरा दोष आपोआप समोर आला. दाब कमी नव्हता, तो जास्त होता. साडेपाच पीएसआयला कार्बोरेटरमधील फ्लोटची (तरंगत्या भागाची) पेट्रोल अडवणारी सुई आपल्या जागेवर घट्ट बसू शकत नव्हती आणि पेट्रोल वाहून कार्बोरेटरच्या घशात उतरत होते. या पंपांचा दाब डायफ्रॅमखालील (पंपातील लवचीक पडद्याखालील) स्प्रिंगवर ठरतो आणि नव्या पंपाची स्प्रिंग अधिक कडक निघाली. जुन्या पंपाला नवा डायफ्रॅम बसवून तो परत लावला, तेव्हा थंड आणि गरम दोन्ही वेळी काटा सव्वातीनवर स्थिर राहिला, आणि वासही गेला.

इंजिन बंद केल्यावरचे वाचनही पाहण्यासारखे असते. काटा हळूहळू उतरणे ठीक आहे. तो क्षणात शून्यावर आला, तर पंपातील झडप किंवा फ्लोटची सुई गळत असते. उलट पेट्रोल टाकीकडे नेणारी परतीची नळी नसलेल्या गाडीत गरम इंजिन बंद केल्यावर दाब काही काळ वाढलेला दिसू शकतो, कारण नळीत अडकलेले पेट्रोल तापून फुगते.

बसवणीत दोन अडचणी आल्या. गेज पेट्रोलच्या नळीत जोडण्यासाठी सोबत मिळालेला टी-जोड (तीन तोंडांचा जोड) माझ्या बारीक नळीला सैल होता, म्हणून वेगळा घ्यावा लागला. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये. तिचे तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये (बारीक छिद्रात) अडकतात. पेट्रोलला टिकणारे द्रवरूप सीलंट वापरावे.

बूच उचलण्याची खबरदारी घेणाऱ्याने हा गेज जरूर घ्यावा. मात्र तो गाडीत कायम ठेवू नये आणि केबिनमध्ये तर पेट्रोलची नळी कधीच आणू नये. तापलेल्या मॅनिफोल्डजवळ प्रत्येक जास्तीचा जोड ही गळतीची जागा असते, म्हणून मी तपासणी झाल्यावर टी काढतो, अखंड नळी लावतो आणि गेज हत्यारांच्या पेटीत ठेवतो.