पेट्रोल की सीएनजी? एकच गाडी, दोन घरं

छोटी एसयूव्ही, दोघांचीही पहिलीच. आमची पेट्रोलवर, ठाण्याच्या भावजींची तीच सीएनजीत. ठाणे-अंधेरी रोजची चक्कर, खर्चात ते सरळ जिंकतात. मी फक्त पंपावरची रांग चुकल्याचं सुख मोजतो.

खरी गंमत गणपतीला गावी निघताना. त्यांच्या डिकीत ६० लिटरचा सिलिंडर आडवा पडलेला, म्हणून मखराचं खोकं आईंच्या मांडीवर! कशेडी घाटात पाच माणसं, वर एसी. गॅस इंजिनात शिरणाऱ्या हवेची जागा खातो, दम कमी पडतो. भावजी मुकाट्याने पेट्रोलचं बटण दाबतात. दर ३ वर्षांनी गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, ती वेगळीच. रोज लांब जाणं नसेल तर मी पेट्रोलच घेईन. भावजींना मात्र हे सांगायची सोय नाही.