अँटिव्हायरसच्या नावाखाली माझ्या नव्या लॅपटॉपवर काय काय झालं

नवा लॅपटॉप घेतलाय, आता कोणता अँटिव्हायरस टाकू, फायरवॉल (नेटवरून आत-बाहेर होणाऱ्या जोडण्यांवरची राखण) वेगळी घ्यावी लागते का, असं शोधत असाल तर आधी हे वाचा. फसवणारे नेमके याच प्रश्नावर टपून बसलेले असतात. कारण हा प्रश्न विचारणाऱ्याचं पैसे खर्च करायचं आधीच ठरलेलं असतं, फक्त कुणाला द्यायचे ते ठरायचं असतं.

माझ्या लॅपटॉपवर एका अँटिव्हायरसची ट्रायल आधीपासूनच होती. मुदत संपत आली तशी कोपऱ्यात 'तुमचं संरक्षण संपतंय' ही भुणभुण सुरू झाली. सर्च केलं, सगळ्यात वरची लिंक उघडली. ती जाहिरात होती, पण पान चांगलं नीटनेटकं: निरनिराळ्या अँटिव्हायरसची तुलना, तारे, आणि खाली 'तुमच्या लॅपटॉपला काय योग्य ते आमचे तज्ज्ञ मोफत सांगतील'. नंबर भरला आणि लगेच फोन. बोलणं एकदम अदबीचं. "मॅडम, आम्ही आधी काही विकत नाही. आधी तपासतो."

तपासायचं म्हणून रिमोट सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर वगैरे सॉफ्टवेअर स्वतः खोटी नसतात, ऑफिसातले आयटीवालेही ती वापरतात. पण पडद्यावरचा कोड सांगून परवानगी दिली की माउस समोरच्याचा.

मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, खाली सरकवावं तितके. "इतके एरर? नव्या मशीनवर?" तो काळजीने म्हणाला. ही विंडोजची नोंदवही आहे. एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, कुठलं अपडेट अडकलं, तरी तिथे लाल खूण पडते. धडधाकट लॅपटॉपवरही त्या दिसतातच, आत्ता स्वतःचा उघडून बघा.

त्यानंतर कमांड टाइप करायची काळी खिडकी. त्यात त्याने 'नेटस्टॅट' टाइप केलं आणि 'फॉरेन ॲड्रेस' या रकान्यावर माउस फिरवला. म्हणे, हे सगळे परदेशातून तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरलेले लोक, तुमच्याकडे फायरवॉलच नाही. त्या रकान्यात फक्त आपला संगणक ज्यांच्याशी जोडलेला आहे त्या दुसऱ्या टोकांचे पत्ते असतात. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडे असले तरी यादी लांबते.

आणि शेवटचा हुकमी पत्ता. 'असॉक' कमांड दिल्यावर तळाशी '८८८डीसीए६०'ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक येतो. त्याने आपल्याकडे असलेला 'माझ्या लॅपटॉपचा लायसन्स नंबर' वाचून दाखवला. अक्षर न् अक्षर जुळलं! जुळणारच. तो क्रमांक विंडोजच्या 'सेंड टू' मेनूतल्या एका सोयीचा आहे आणि जगातल्या सगळ्या विंडोज संगणकांवर तोच असतो. ही युक्ती मला आजही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात हुशार वाटते, कारण इथे काहीच खोटं दाखवावं लागत नाही.

त्याने 'अँटिव्हायरस अधिक फायरवॉल'चं अनेक वर्षांचं पॅकेज विकलं. पैसे कार्डावरून, आणि बारीक अक्षरांत दर वर्षीच्या आपोआप वसुलीची संमती. पडद्यावर मोठी हिरवी ढाल आली, 'सुरक्षित' असं लिहिलेली.

माझा मावसभाऊ नेटवर्कचं काम करतो. त्याने पुढे कधीतरी सहज लॅपटॉप हातात घेतला आणि आयकार नावाची चाचणी फाइल तयार केली. ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी. अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे तपासण्यासाठीच ती बनवलेली आहे आणि नावाजलेले सगळे अँटिव्हायरस तिला पकडतात. माझी हिरवी ढाल गप्प. त्याहून वाईट म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, तोही गप्प. त्याने सेटिंग्जमध्ये 'एक्सक्लूजन्स' उघडलं. तिथे एकच ओळ होती: अख्खा सी ड्राइव्ह. म्हणजे डिफेंडर चालू होता, टिकमार्क हिरवा होता, पण 'इकडे बघू नकोस' असं त्याला सांगून ठेवलेलं. ती ओळ काढली, फाइल पुन्हा बनवली, क्षणात पकडली गेली.

आणि ती विकत घेतलेली फायरवॉल? वेगळी अशी काही नव्हतीच. विंडोजची फायरवॉल २००४ सालच्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून मुळातच चालू असते, तर डिफेंडर २०१२ सालच्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस म्हणून सोबतच येतो. मला वाटतं, घरगुती वापराला अपडेट वेळेवर घेतले तर एवढं पुरतं. तरी दुसरा हवाच असेल तर एव्ही-टेस्ट किंवा एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र चाचणी करणाऱ्या संस्थांचे निकाल बघा, कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून जा आणि कार्ड भरताना ऑटो-रिन्यूअल बंद करा. पहिल्या वर्षाची सवलत पुढच्या वर्षी बहुधा नसते.

नावाजलेलं दुकान असलं म्हणून 'मोफत तपासणी' खरी असेल असंही नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम यांनी २०१९ मध्ये अशाच प्रकरणात मिळून साडेतीन कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाचा आरोप असा होता की स्कॅनच्या आधी चार प्रश्न विचारत, संगणक हळू चालतो का वगैरे, आणि एकालाही 'हो' म्हटलं की प्रोग्राम मालवेअरची, म्हणजे व्हायरससारख्या घातक सॉफ्टवेअरची, लक्षणं दाखवायचा. स्कॅनमध्ये काय सापडलं याच्याशी त्याचा संबंधच नव्हता.

असं कुणी तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरून गेलं असेल तर आधी नेट तोडा. बँकेला फोन करून कार्ड बंद करा, पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, ईमेलचा सगळ्यात आधी. रिमोट सॉफ्टवेअर काढा, एक्सक्लूजन्स रिकामं करा. आम्ही शेवटी महत्त्वाच्या फाइल्स बाजूला काढून विंडोज नव्यानेच टाकलं. शिरलेल्याने आणखी काय करून ठेवलंय हे हुडकत बसण्यापेक्षा ते सोपं पडलं.

एवढं होऊनही प्रकरण संपत नाही. पुढे 'कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत' असा फोन येतो. मलाही आला, वेगळा आवाज, तीच अदब. यात तुम्हाला बँकेच्या साइटवर लॉगिन करायला लावतात आणि रिमोटवरून ब्राउझरमधले आकडे तेवढ्यापुरते बदलतात, त्यामुळे परतावा चुकून जास्त जमा झाला असं वाटतं. मग 'वरचे परत पाठवा, नाहीतर माझी नोकरी जाईल' अशी गयावया. खात्यात प्रत्यक्षात काहीच आलेलं नसतं. फोन ठेवा आणि शिल्लक दुसऱ्या उपकरणावर बघा.