मुंबई-विलायत आगबोटीचं टपाल: कालव्याआधीची पत्रं घ्यावीत की सी पोस्ट ऑफिसची?

मुंबई-विलायत टपाल जमवायचं ठरवलं की हा प्रश्न येतोच, कारण बजेट एकच असतं आणि दोन्ही काळ एकदम हातात घेतले तर कुठलाच नीट होत नाही. एका बाजूला साधारण 1840 ते 1869 ची, म्हणजे सुएझ कालवा उघडायच्या आधीची पत्रं, दुसऱ्या बाजूला 1868 ते 1914 मधली, सी पोस्ट ऑफिसचा, म्हणजे बोटीवरच टपाल निवडणाऱ्या कचेरीचा, शिक्का असलेली पाकिटं. मी दोन्ही जमवून बघितली आणि शेवटी एकीकडेच राहिलो, कुठे ते पुढे येईलच, पण पहिल्या प्रकाराला उगाच कमी लेखायचं नाहीये.

कारण खरं सांगायचं तर गोष्ट तिथेच जास्त आहे. मुंबईतच बांधलेली ह्यू लिंडसे बोट 1830 च्या मार्चमध्ये निघून एप्रिलमध्ये सुएझला पोचली, कोळसा इतका लागायचा की केबिनमध्येसुद्धा भरलेला, आणि 1839 मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं त्यामागेही कोळशाच्या ठाण्याची गरज हे मोठं कारण होतं. 1850 च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबई-सुएझ टप्पा कंपनी सरकारच्या बोटी सांभाळायच्या, मग तो पी अँड ओ या इंग्रजी बोट कंपनीकडे गेला. सुएझला टपाल उतरायचं, वाळवंटातून कैरो, तिथून अलेक्झांड्रिया, तिथे परत बोट. कैरो-सुएझ रेल्वे झाली 1858 मध्ये, तोवर पेट्या उंटावरून. एवढ्या हातांतून गेलेलं पत्र समोर असलं की शिक्के वाचत बसायला खरंच मजा येते, त्यात वादच नाही.

अलेक्झांड्रियाच्या पुढे दोन वाटा होत्या. एक जिब्राल्टरला वळसा घालून इंग्लंडचं साउदम्प्टन बंदर, स्वस्त पण हळू. दुसरी मार्सेय या फ्रेंच बंदरात उतरून फ्रान्समधून खुष्कीने, तिच्याने पाच-सहा दिवस वाचायचे पण पैसे जास्त पडायचे. म्हणून पाकिटावर वरच्या कोपऱ्यात हाताने ‘व्हाया मार्सेय’ लिहिलेलं दिसतं, आणि कलेक्टर लोक त्याच्याच मागे असतात. मीपण होतो.

आणि माझं घोडं अडलं ते नेमकं इथेच. फ्रान्सचा हिशोब बराच काळ पाव औंसाला होता, साउदम्प्टनवाल्यांचा अर्ध्या औंसाला. म्हणजे मार्सेयने पाठवायचं तर वजन राखायला हवं, मग लोक अगदी पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या कागदावर लिहायचे, आणि जागा पुरावी म्हणून पान आडवं करून त्याच मजकुरावर परत लिहायचे. त्यात तेव्हाची लोखंडाची शाई, जी कागद हळूहळू खाते. असं पत्र आमच्यासारख्या समुद्राकाठच्या घरात ठेवा आणि पावसाळा जाऊ द्या. माझ्याकडच्या एका पत्रात घडीवर आडव्या-उभ्या ओळी जिथे एकमेकींना छेदतात तिथे आधी तपकिरी डाग उठले, मग बारीक भोकं, आणि पुढे जाड अक्षरांच्या पोटातला कागदच गळायला लागला. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, ॲसिड-फ्री पाकिटं घेतली, थोडा फरक पडला असेल, पण प्रत्येक वेळी घडी उघडताना हात थरथरतो आणि मग ते पत्र उघडणंच बंद होतं. जे वाचायचं म्हणून घेतलं ते वाचायचंच नाही, हे मला काही पटलं नाही. देशावर, कोरड्या हवेत राहणाऱ्यांना कदाचित हा त्रास एवढा जाणवणार नाही, माझा अनुभव किनाऱ्यावरचा आहे.

सी पोस्ट ऑफिसवाल्या पाकिटांचं तसं नाही. तोवर पाकिटाचा कागद बऱ्यापैकी जाड झालेला, आणि 1900 नंतरची पिक्चर पोस्टकार्डं तर पुठ्ठाच. कसर लागू नये एवढं बघितलं की झालं.

बरं, यात गोष्ट नाही असंही नाही. 1868 पासून मुंबईची बोट आठवड्याला झाली, 1870 मध्ये मुंबईहून कलकत्त्यापर्यंत सलग रेल्वे झाली, आणि विलायतेचं टपाल मुंबईत उतरून देशभर जायला लागलं. पोती बंदरात आल्यावर फोडून निवडत बसायचं म्हणजे गाड्या खोळंबणार, मग टपाल खात्याने निवडणारी माणसंच बोटीवर चढवली, आधी सुएझ ते मुंबई, नंतर एडन ते मुंबई. बोट नांगर टाकेपर्यंत पोती गावागणिक तयार, थेट गाडीत. नैऋत्य मोसमी वाऱ्यात अरबी समुद्र काय असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, आणि ही माणसं त्या हलत्या बोटीत, कोंदट खोलीत उभं राहून पत्ते वाचायची. पाकीट उलटं केलं की मागे तो शिक्का, तारीख आणि कुठल्या तुकडीने काम केलं त्याचं एक इंग्रजी अक्षर. त्या एका अक्षराने मला फार धरून ठेवलंय, कारण जुन्या पत्रांवर बंदरं दिसतात, इथे काम करणारी माणसं दिसतात, निदान त्यांची तुकडी तरी. शिवाय तारीख वाचता आली की जुन्या वर्तमानपत्रातल्या बोटींच्या बातम्या काढून कुठल्या बोटीने आलं ते बऱ्याचदा घरबसल्या सापडतं.

कमतरता आहे ती एकसुरीपणाची. अल्बमची पंचवीस पानं सारखीच वाटू शकतात, मोकळ्या मनाने सांगतो, आणि बघायला आलेल्या माणसाला व्हाया मार्सेयवालं एक पत्र जास्त भुरळ घालेल. दिमाखाचा एखादा नमुना हवा असेल तर ते एक जरूर घ्या, साउदम्प्टनवालं मिळालं तर आणखी बरं, त्याचा कागद तुलनेने धड असतो. पण कलेक्शन उभं करायचं असेल, दरवर्षी काढून बघायचं असेल, तर माझं मत सी पोस्ट ऑफिसच्या बाजूने. भावही साधारणपणे आवाक्यातले, विशेषतः 1898 च्या नाताळापासून ब्रिटिश साम्राज्यात पत्राला एका पेनीचा स्वस्त दर लागू झाला त्यानंतरची पाकिटं भरपूर मिळतात. घेताना फक्त मागच्या बाजूचा फोटो आधी मागवा, विकणारे बहुतेक वेळा तिकिटाचीच बाजू दाखवतात, आणि तुकडीचं अक्षर पुसट असेल तर घाई करू नका, दुसरं मिळतं.