एकच गाडी, एकच ड्रायव्हर आणि सात कोटेशनं: तुलना करणाऱ्या साइटचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

रिन्युअलचा मेसेज आला, उघडून बघतो तर प्रीमियम वाढलेला. वर्षभरात एक क्लेम नाही, एक दंड नाही, गाडी अजून एक वर्षाने म्हातारी झाली म्हणजे तिची किंमतही उतरली, मग इन्शुरन्स चढला कसा? डोकं फिरलं. म्हणून सगळ्या कंपन्यांची कोटेशनं एका जागी दाखवणाऱ्या एका साइटवर जाऊन बसलो, नाव घेत नाही कारण पुढे थोड्या शिव्या पण आहेत, आणि अख्खी संध्याकाळ त्यात घालवली.

साइट वापरायला सोपी आहे हे आधीच मान्य करतो. वय, काम, पत्ता, गाडी रात्री कुठे उभी असते, वर्षाला किती किलोमीटर, मागचे क्लेम, एवढं भरलं की दोन मिनिटांत सात कंपन्यांचे आकडे एकाखाली एक. आणि सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांच्यात दुपटीहून जास्त फरक! तीच गाडी, तोच मी, तीच उत्तरं. मग म्हटलं चला जरा खेळून बघू, आणि एकेक उत्तर बदलत गेलो. (फक्त बघायला हं. घेताना सगळं खरंच भरलंय, खोटं लिहिलं तर क्लेमच्या दिवशी कंपनी हात वर करते आणि तेव्हा आपल्याला बोलायला तोंड नसतं.)

पहिला झटका म्हणजे दोन कंपन्यांकडे नुसतं थर्ड पार्टी (म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीचं कव्हर) हे आपली गाडीही धरणाऱ्या फुल इन्शुरन्सपेक्षा महाग. कमी कव्हर, जास्त पैसे. मला वाटलं साइटच गंडलीये, पण नाही. ब्रिटनमध्ये तर ही जुनीच गोष्ट आहे. झालं असं की स्वस्त पडतं म्हणून नुसतं थर्ड पार्टी घेणाऱ्यांत नवशिके आणि जास्त ठोकणारे बरेच निघाले, त्यांचे क्लेम वाढले, म्हणून तो पर्यायच महाग झाला. म्हणजे तुम्ही काय निवडता त्यावरूनही कंपनी तुम्हाला जोखते.

दुसरा प्रयोग, बायकोचं नाव दुसरी ड्रायव्हर म्हणून टाकलं. एक माणूस वाढला म्हणजे रिस्क वाढली ना? प्रीमियम उतरला. कारण ती माझ्यापेक्षा जास्त वर्षं गाडी चालवतेय आणि तिचं रेकॉर्ड स्वच्छ, स्टिअरिंगवर थोडा वेळ तरी ती असणार असा हिशोब. (हे वाचून तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहित नाही.) फक्त तरुण पोराची गाडी बापाच्या नावावर दाखवून बापच मुख्य ड्रायव्हर असं लिहायच्या भानगडीत पडू नका, ती सरळ सरळ फसवणूक धरतात.

तिसरं, क्लेममधला सुरुवातीचा जो भाग आपण खिशातून भरायचा तो वाढवला तर प्रीमियम बराच खाली येईल असं वाटलं होतं. आधी आला, मग अडकला, पुढे कितीही वाढवा, ढिम्म. नंतर कळलं की मोठा खर्च आपल्या बंपरचा नसतोच, समोरच्या माणसाला लागलं तर त्याचं हॉस्पिटल आणि भरपाई हा खरा बॉम्ब असतो आणि आपल्या खिशातले थोडे पैसे त्यापुढे कुठेच नसतात.

गाडी जुनी झाली तरी प्रीमियम का वाढतो त्याचं उत्तरही इथेच आहे. तुम्ही ज्याला ठोकणार त्याला तुमची गाडी किती जुनी याच्याशी देणंघेणं नाही. शिवाय तुम्ही ज्या नव्या गाड्यांना ठोकणार त्यांच्या बंपरमध्ये सेन्सर, काचेमागे कॅमेरा, काच बदलली की कॅमेरा परत सेट करायचा, म्हणजे पूर्वी जो डेंट ठोकून पेंट मारून निघायचा तो आता मोठं बिल होतो. तुम्ही वर्षभर शहाण्यासारखे वागलात, पण बाकीच्यांच्या दुरुस्त्या महागल्या.

आता मुख्य मुद्दा, जो मला साइटने नाही, एका ओळखीच्या एजंटने सांगितला. म्हणाला, साहेब तुम्ही कोटेशनकडे स्वतःचं प्रगतिपुस्तक म्हणून बघताय, ते तुमचं नाहीच, तुमच्यासारख्या हजारोंच्या गटाचं आहे. कंपनी बघते की या वयाच्या, या भागातल्या, असली गाडी चालवणाऱ्या लोकांनी आमच्याकडे किती वेळा क्लेम केला आणि एका क्लेमला सरासरी किती लागले. त्यातून जे घटक निघतात ते बेरजेत नाही, बहुतेक ठिकाणी गुणाकारात बसतात, म्हणून दोन किरकोळ गोष्टी बदलल्या की आकडा एकदम उडी मारतो. आणि प्रत्येक कंपनीचे जुने ग्राहक वेगळे, म्हणून प्रत्येकीचा गट वेगळा. एखादीने तुमच्यासारख्यांवर मागच्या वर्षी तोटा खाल्ला असेल तर ती नाही म्हणत नाही, फक्त इतका भाव लावते की तुम्हीच निघून जाल.

हे ऐकल्यावर बरंच काही पटलं. समोरच्याच्या चुकीने ठोकर बसली तरी पुढच्या वर्षी तुमचाच प्रीमियम का वाढू शकतो, तर ज्यांना एकदा ठोकर बसते ते परत क्लेम करायची शक्यता जास्त असं आकडे सांगतात, कदाचित रस्ताच तसला, वेळच तसली. पटलं म्हणजे आवडलं असं नाही हं. चूक त्याची आणि भुर्दंड मला, हे मला आजही अन्यायच वाटतं.

आणि कुठला घटक चालेल हे नुसतं गणित ठरवत नाही, कायदाही ठरवतो. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०११ मध्ये बाईपुरुष बघून वेगळा दर लावायला मनाई केली, ती डिसेंबर २०१२ पासून लागू झाली. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तुमचा क्रेडिट रेकॉर्ड बघून गाडीचा दर ठरतो, म्हणजे कर्जाचे हप्ते चुकले म्हणून गाडीचा इन्शुरन्स महाग! पण कॅलिफोर्नियात ते चालत नाही, तिथे आधी ड्रायव्हिंग रेकॉर्ड, मग किलोमीटर, मग अनुभवाची वर्षं, हे १९८८ च्या सार्वमतापासून ठरलंय. सगळ्यात मजेशीर म्हणजे इमानदार गिऱ्हाइकाला दरवर्षी हळूहळू महाग करत नेण्याची पद्धत, नव्याला सूट आणि जुन्याला चुना. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून ती बंद केली, जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायचा नाही. ती बंद करायला नियम लागला यातच काय ते आलं, माझ्या मेसेजमधली वाढ त्यातलीच होती की काय देव जाणे.

बाय द वे, लाल गाडीला जास्त प्रीमियम हे ज्याने कोणी उठवलंय त्याला भेटायचंय मला. फॉर्ममध्ये रंग विचारतच नाहीत हो.

साइटबद्दल तक्रारी दोन. एक, कारण अजिबात देत नाही, नुसता आकडा, ही कंपनी दुप्पट का आहे हे एका ओळीत तरी सांगा ना. दुसरी जास्त वाईट, यादी स्वस्तापासून लावलेली आणि सगळ्यात वरच्या पॉलिसीत आपण खिशातून भरायची रक्कम गुपचूप सगळ्यात मोठी ठेवलेली, ती खाली बारीक अक्षरात. सातही ठिकाणी ती सारखी करून परत बघितलं तर पहिली कंपनी थेट चौथ्या नंबरवर. नुसतं वरचं बटण दाबणारे किती जण यात फसत असतील.

मी शेवटी खऱ्या अर्थाने दुसरी स्वस्त होती ती घेतली, जुन्या कंपनीपेक्षा बऱ्यापैकी कमीत. त्यासाठी तीन स्टार. चौथा देणार होतो, पण पॉलिसी घेऊन आठवडा झाला तरी साइटवाल्यांचे फोन चालूच आहेत, काल एक मुलगी विचारत होती, "सर, तुमचा इन्शुरन्स संपतोय ना?" म्हटलं अहो, तुमच्याकडूनच घेतलाय. तर म्हणते, "हो का सर, सिस्टीमला दिसत नाहीये."