ड्रॅगन घ्यावा की पूल?

माझी मावसबहीण रोज पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडहून मुंबईला जाते. तिला प्रवासासाठी एकच कादंबरी हवी होती. नायिका लढवय्यी हवी, नायक आधी तिच्या जिवावर उठलेला आणि मग तिच्यासाठी जीव टाकणारा हवा, आणि सोबत निराळं जग. नावं दोन निघाली: रेबेका यारोसची ‘फोर्थ विंग’ (२०२३) आणि त्याआधीची, डॅनिएल जेन्सनची ‘द ब्रिज किंगडम’. दोन्ही मी इंग्रजीत वाचल्या आहेत.

तसा हा प्रकार आपल्याला नवा नाही. अश्वमेधाचा घोडा बांधून ठेवणारी स्त्रीराज्याची राणी प्रमिला आणि अखेर तिच्याशीच लग्न करणारा अर्जुन जैमिनी ऋषींच्या महाभारतकथेत कधीच लिहून ठेवलाय. तिथे घोडा खरोखर अडतो, म्हणून गोष्टीला जोर येतो. या दोन पुस्तकांनाही मी तोच प्रश्न विचारला: वैर खरं आहे, की नुसती तोंडातोंडी?

‘फोर्थ विंग’मधली व्हायोलेट लहान चणीची, सांधे सहज निखळणारी. तिला ग्रंथांत रमायचं असतं, पण सेनापती आई तिला ड्रॅगनस्वारांच्या सैनिकी शाळेत ढकलते. तिथे पहिल्याच दिवशी अरुंद कठड्यावरून चालताना मुलं पडून मरतात. नायक झेडन हा बंडखोर नेत्याचा मुलगा. त्याच्या बापाच्या मृत्युदंडात तिच्या आईचा हात, आणि त्याच बंडात तिने भाऊ गमावलेला. कागदावर वैर भक्कम आहे. पण झेडन देखणा आहे हे ती इतक्या लवकर आणि इतक्यांदा सांगते, की तो तिला मारेल अशी धास्ती मला फारशी वाटलीच नाही. या पुस्तकाची खरी मजा ड्रॅगनमध्ये आहे. तिचा टॅर्न खडूस, रागीट आणि नायकापेक्षा जास्त लक्षात राहणारा. निवेदन प्रथमपुरुषी, भाषा आजच्या कॉलेजातली, शिव्यांसकट. पाचशेच्या आसपास पानं आहेत, पण इगतपुरी कधी गेलं ते कळत नाही.

‘द ब्रिज किंगडम’ची लारा मात्र पहिल्या पानापासूनच शस्त्र आहे. मारिड्रिनाच्या राजाने आपल्या मुलींना वाळवंटात गुपचूप वाढवून हेरगिरी आणि लढाई शिकवली. तहाच्या नावाखाली ती इथिकानाच्या एरन राजाची राणी होते. काम एकच: त्याचं राज्य आतून पोखरायचं. हे राज्य एका प्रचंड पुलावर जगतं. समुद्रात सतत वादळं, त्यामुळे दोन खंडांमधला भरवशाचा व्यापार त्या पुलावरूनच, आणि जकात इथिकानाच्या हातात. आपली प्रजा त्यांच्यामुळेच उपाशी मरते, असं लाराला लहानपणापासून शिकवलेलं. निर्यात अडली की लासलगावच्या बाजारात काय होतं हे पाहिलेल्या माणसाला हा राग समजावून सांगावा लागत नाही.

इथे वैराला पोट आहे, म्हणून प्रेमालाही किंमत पडते. एरनचा एकेक चांगुलपणा तिला अडचणीत आणतो, कारण तो जितका जवळ येतो तितकं तिचं काम सोपं होतं. शिवाय प्रकरणं दोघांच्याही बाजूने लिहिली आहेत. त्याला काय माहीत नाही हे आपल्याला माहीत असतं, आणि ते वाचताना पोटात कालवतं. उणीव म्हणाल तर आजूबाजूची माणसं पातळ आहेत, आणि लाराचा बाप निव्वळ खलनायक. व्हायोलेटच्या मैत्रिणी-मित्रांसारखी टोळी इथे मिळणार नाही.

शृंगार दोन्हींत उघड आहे, ‘फोर्थ विंग’मध्ये उत्तरार्धात जास्तच. तिसऱ्या सीटवरच्या काकूंची नजर पुस्तकात येत असेल तर जपून. नववीतली भाची मागत असेल तर दोन्ही नकोत, मुखपृष्ठ कितीही गोड असो.

बहिणीला मी पूल दिला. कॉलेजात असती, मैत्रिणींबरोबर चर्चा करायला पुस्तक हवं असतं, तर ड्रॅगन दिला असता. आणखी एक गोष्ट बघावी लागते. दोन्ही पुस्तकं वाचकाला कड्यावर आणून सोडतात. लारा-एरनची गोष्ट मात्र पुढच्या ‘द ट्रेटर क्वीन’मध्ये पुरी होते. व्हायोलेटचा तिसरा भाग जानेवारी २०२५ मध्ये आला आणि तोही अर्ध्यावर थांबतो. तेव्हा पूल घेणार असाल तर दुसरा भागही सोबतच मागवा, कारण पहिला संपेल त्या रात्री दुकानं बंद असतील.